ट्रॅक्टर ओढतो किती, रोखतो किती?

गावात कोणाच्या दारात नवा ट्रॅक्टर आला, की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि पारावरची माणसे पहिला प्रश्न विचारतात, "किती टन ओढतो?" मालक मोठ्या अभिमानाने आकडा सांगतो. तो आकडा कधी विकणाऱ्याने सांगितलेला असतो, कधी पाहुण्याच्या तोंडचा असतो, तर कधी नुसता अंदाजाचा. पण "किती टन रोखतो?" असे विचारणारा मला आजवर भेटलेला नाही. वाचकहो, आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल.

आमच्या घरी ट्रॅक्टर आहे, दोन ट्रॉल्या आहेत आणि हंगामात कारखान्याला ऊस पोचवण्याचे काम थोरला मुलगा करतो. तेव्हा जे सांगतो आहे ते वरून पाहणाऱ्याचे नाही, घरातलेच आहे.

आधी जरा मागे जाऊ. आपल्या वडिलांच्या पिढीला हे शास्त्र चांगले कळत होते, फक्त त्याला ते शास्त्र म्हणत नसत. माझे वडील शेणखताची गाडी भरून झाली, की बैल जुंपण्याआधी जू दोन्ही हातांनी उचलून पाहायचे. अगदी हलके लागले तर मागचा माल पुढे ओढायला सांगायचे. फार जड लागले तर पुढचा मागे लोटायला. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि सापत्यांनी बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे भार जास्त झाला तर जू मानेवर रुतते आणि चार खेपांत खांदेसूज होते. जू उचलून पाहायला त्यांना वजनकाटा लागत नव्हता. दोन मनगटांत काटा होता.

आणि उतार आला की गाडीवान खाली उतरायचा. पुढे होऊन बैलांची वेसण धरायचा, एखादा गडी मागून चाकाला दगड लावत यायचा. कारण भरल्या गाडीची रेटारेटी बैलाच्या अंगावर येते हे डोळ्यांना दिसत होते. बैल पाय रोवायचा, थरथरायचा, कधी बसायचा. मुके जनावर, पण "आता पुरे" एवढे त्याला सांगता येत होते. लोखंडाला ते सांगता येत नाही, म्हणून ते माणसाने हिशेब करून ओळखायचे.

आता तो हिशेब. आकड्यांना भिऊ नका. बाजारहाटापेक्षा अवघड काही नाही.

डांबरी सपाट रस्त्यावर एक टन वजनाची ट्रॉली चालती ठेवायला साधारण वीस किलोची ओढ पुरते. चाके गोल असतात, रस्ता कठीण असतो, म्हणून एवढे कमी. दोन ट्रॉल्या, त्यांत वीस टन ऊस आणि ट्रॉल्यांचे स्वतःचे चार टन धरले तर चोवीस टन झाले. ते सपाटीवर चालते ठेवायला पाचशे किलोच्या आतबाहेर ओढ लागते. पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचा ट्रॅक्टर एवढे सहज ओढतो. आपण पाहतो, ट्रॅक्टर मजेत चालला आहे, गाणी वाजत आहेत, आणि मनाशी म्हणतो, ओढतोय की! फसगत होते ती इथेच. सपाटीवर ओढणे ही ट्रॅक्टरची परीक्षाच नव्हे.

आता वीस फुटांना एक फूट चढेल असा रस्ता घ्या. घाटात असे चढ नेहमीचे आणि ओढ्यावरच्या पुलाकडे उतरणारे आपले गावरस्ते तर कित्येकदा यापेक्षा उभे असतात. अशा चढावर एकूण वजनाचा विसावा भाग मागे खेचत असतो. चोवीस टनांच्या ट्रॉल्या आणि सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर मिळून सव्वीस टन. त्याचा विसावा भाग तेराशे किलो. त्यात चाकांची ओढ पाचशे मिळवा. झाले अठराशे. ही ओढ जमिनीवर लावायची कोणी? ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. त्या चाकांवर ट्रॅक्टरचे साधारण चौदाशे किलो वजन असते आणि कोरड्या डांबरावर रबराची पकड त्या वजनाच्या सत्तर टक्के धरली तर हजार किलोही भरत नाही. मग इंजिन कितीही दांडगे असो, चाके जागच्या जागी फिरतात, नाहीतर ट्रॅक्टर पुढून उचलतो. म्हणून तर चढाला लोक एक ट्रॉली सोडतात, किंवा पुढे दुसरा ट्रॅक्टर लावतात. हे तुम्ही शंभरदा पाहिले असेल.

तोच रस्ता उलट्या बाजूने घ्या. आता तेराशे किलोचा रेटा मागून पुढे येतो. त्यातून चाकांच्या घर्षणाचे पाचशे वजा करा, आठशे उरले. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. म्हणजे चोवीस टनांना धरून ठेवायचे ते त्याच दोन चाकांनी, त्याच हजाराच्या आतल्या पकडीने. आठशे किलो पकड नुसता वेग वाढू न देण्यात खर्ची पडली. थांबवायला हाती राहिली दीडदोनशे किलो. ताशी वीस किलोमीटरने चाललेले हे धूड एवढ्या पकडीवर थांबवायचे तर दोनशे मीटरहून जास्त अंतर जाते. एकच ट्रॉली असेल, दहा टन उसाची, तर तोच ट्रॅक्टर त्याच उतारावर चाळीसेक मीटरमध्ये थांबतो.

हा कोरड्या रस्त्याचा हिशेब झाला. रस्ता ओला असेल, किंवा फडातून येणाऱ्या चाकांनी त्यावर चिखल आणून टाकला असेल, तर पकड निम्म्यावर येते. मग एका ट्रॉलीलासुद्धा तीनशे मीटरहून अधिक लागतात. आणि दोन ट्रॉल्या? त्या थांबतच नाहीत. चाके जाम झाली तरी ट्रॅक्टर घसरत पुढे जातो. इथे कोणी म्हणेल, आम्ही ब्रेकवर विसंबत नाही, खालच्या गिअरमध्ये उतरवतो. ते बरोबरच आहे, तसेच उतरवावे. ब्रेक तापत नाहीत आणि वेग चढत नाही. पण इंजिनाचा रोध शेवटी त्याच दोन चाकांतून जमिनीला पोचतो. पकड त्याने वाढत नाही.

चढ तोंडावर नाही म्हणतो. उतार कधीच नाही म्हणत नाही, आणि सगळा धोका या फरकात आहे. ज्या गावांचा कारखाना खालच्या अंगाला आहे त्यांनी तर हे फार जपून ऐकावे. तुमची ट्रॉली भरलेली उतरते आणि रिकामी चढते. म्हणजे भार जास्त झाला हे सांगणारा चढ तुमच्या वाटेवर भरल्या ट्रॉलीला लागतच नाही. दहा वर्षे बिनबोभाट जातात, आणि माणूस म्हणतो, "आजवर काही झालं नाही."

पलीकडच्या गावात असे झाले. दोन ट्रॉल्या, पहाटेची वेळ, दवाने ओला रस्ता. पुढे एक म्हैस आडवी आली म्हणून चालकाने ब्रेक दाबला. चाके थांबली, ट्रॉल्या थांबल्या नाहीत. मागच्या रेट्याने ट्रॅक्टर आडवा फिरला आणि अडकित्ता मिटावा तसा ट्रॅक्टर ट्रॉलीच्या दांड्यावर मिटला. पोरगा वाचला. एक पाय गुडघ्याखाली गेला. म्हशीला साधा ओरखडा नाही. चौकशीला आलेल्या लोकांनी विचारले, ब्रेक लागत नव्हते का? ब्रेक उत्तम लागत होते.

आता दांड्यावरच्या भाराचे सांगतो, कारण वडिलांच्या जू उचलण्याचा संबंध त्याच्याशी आहे. चार चाकांच्या ट्रॉलीचा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो, ट्रॅक्टरवर फारसा येत नाही. पण दोन चाकांची, हौदा मागे उपडा करता येणारी डंपिंग ट्रॉली म्हणजे सरळ बैलगाडीच. तिच्या भाराचा काही हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकावर बसतो. समजा हौदा दहा फुटांचा आहे, आख पुढच्या फळीपासून साडेपाच फुटांवर आहे आणि आखापासून हुकापर्यंत दहा फूट आहेत. चार टन माल सारखा पसरला तर त्याचा मध्य पाच फुटांवर, म्हणजे आखाच्या अर्धा फूट पुढे. हुकावर भार येतो दोनशे किलो. छान. आता तोच माल भरणाऱ्याने पुढे लोटून भरला, मध्य एक फूट पुढे सरकला. हुकावर सहाशे किलो झाले! आणि मागच्या फाळक्याकडे एक फूट सरकला तर? दांडा दोनशे किलोने वर उचलू लागतो. गाडी उलाळली. माल तोच, ट्रॉली तीच, नुसत्या एका फुटाचा खेळ.

हुकावर सहाशे किलो बसले की काय होते? हुक मागच्या आखाच्या अडीच फूट मागे आणि पुढची चाके साडेसहा फूट पुढे. तराजूसारखे बघा: पुढच्या चाकांवरचे सव्वादोनशे किलोहून जास्त वजन नाहीसे होते. वर चढावर ओढताना आणखी जाते. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. उलट दांडा वर उचलू लागला तर मागची चाके हलकी होतात, आणि पकड त्यांचीच तर हवी असते! शिवाय खड्ड्यात आपटून पिन निसटायची भीती. म्हणून पिनेला खटका आणि दांड्याला साखळी पाहिजेच. तरी दहा ट्रॉल्यांत ती कितींना असते ते तुम्हीच मोजा.

याच तराजूची दुसरी बाजू चिखलात दिसते. ट्रॉली पाणंदीत रुतली की कोणीतरी हुशार सुचवतो, साखळी वरून बांधा, टॉप लिंकच्या जागी. कधीही बांधू नका. ओढ जितकी उंचावरून तितका ट्रॅक्टर पुढून उचलणार, आणि रुतलेल्या ट्रॉलीपुढे तो मागे उलटायला डोळ्याचे पाते लवायचा अवधी लागतो. ओढायचे ते खालच्या ड्रॉबारवरूनच.

वजनाचा अंदाज मात्र आपण फार ढिसाळ धरतो. वाळूची ट्रॉली भरली की "ब्रासभर टाकली" म्हणतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट आणि ओल्या वाळूचे ते पाच टनांच्या आसपास भरते. पाण्याचा हिशेब सरळ आहे, हजार लिटरला एक टन. दुष्काळात पाच हजार लिटरची टाकी ओढणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की टाकीचे लोखंड त्याच्यावर वेगळे. आणि पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त खोडकर, कारण पाणी आत पुढेमागे धावते आणि ब्रेक लावल्यावर क्षणभराने मागून धक्का देते. शेणखत वाळलेले असेल तर हलके, पावसाने भिजलेले असेल तर तोच ढीग जवळजवळ दीडपट जड. उसाच्या मोळ्या किती घट्ट रचल्या, ऊस कोणत्या जातीचा, वाढे किती राहिले, यावर त्याच उंचीच्या ट्रॉलीत टनादोनटनांचा फरक पडतो. डोळ्याला हे कळत नाही.

कळते ते भुईकाट्यावर. आणि भुईकाटा आपल्याला परका नाही. कारखान्यावर, बाजार समितीत, खडीक्रशरवर, हमरस्त्याला जागोजाग आहे. पण आपण तिथे वजन करतो ते पैसे घेण्यासाठी. मालाचे वजन झाले, पावती खिशात गेली, संपले. माझे सांगणे एवढेच, की एकदा, फक्त एकदा, काटा रिकामा असताना चार वजने स्वतःसाठी करून घ्या. पहिले एकट्या ट्रॅक्टरचे. दुसरे ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून. मग डंपिंग ट्रॉली नेहमीसारखी भरून, जोडून, ट्रॅक्टर काट्यावर पण ट्रॉलीची चाके काट्याबाहेर, असे तिसरे. तिसऱ्यातून पहिले वजा केले की हुकावरचा भार हाती आला. चौथे, ट्रॉली जोडलेली असताना पुन्हा फक्त पुढच्या चाकांचे. ते ट्रॅक्टरच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी भरले तर माल मागे सरकवा, कमी भरा, किंवा पुढे लोखंडी वजने लावा. वजने लावणे हा तिसरा उपाय आहे, पहिला नव्हे. लोक नेमके उलटे करतात.

याबरोबर ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीचे नोंदणी पुस्तक काढून बघा. ट्रंकेत, पत्रिकांच्या खाली सापडेल. त्यात रिकामे वजन आणि भारासह जास्तीत जास्त वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ट्रॉलीत कायद्याने किती माल भरता येतो ते कळते. त्याहून जास्त वजन घालून वाहन रस्त्यावर आणायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ खालचा दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार रुपये असा झाला, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. विम्याच्या कागदावर ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही उल्लेख आहे का, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या. अपघातानंतर तो कागद पहिल्यांदा वाचणे फार महागात जाते.

आपल्याकडेच हे असे आहे असे नाही. वजन जोडून ओढायचे तिथे हाच हिशेब सगळीकडे. अमेरिकेत सुट्टीला निघणारे लोक पिकअप गाडीमागे चाकांवरचे घर जोडून नेतात. आत पलंग, चूल, न्हाणी, सगळे. तिथेही विकणारा आधी ओढण्याचा मोठा आकडा सांगतो. पण त्या घराच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पिकअपच्या हुकावर बसवावा लागतो. कमी बसवला तर मागचे घर शेपटीसारखे हलू लागते. तो भार, आत बसलेली माणसे आणि सामान मिळून पिकअप स्वतःवर किती वागवू शकते, याची चिठ्ठी चालकाच्या दाराच्या चौकटीला चिकटवलेली असते. बहुधा ओढण्याची मर्यादा गाठण्याआधी ही वागवण्याची मर्यादा संपते, आणि घेणाऱ्याला ते घर विकत घेतल्यावर कळते. आणखी एक गोष्ट: तिथल्या बऱ्याच राज्यांत मागचे वाहन तीन हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंच्या वर गेले की त्याला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. दीड टनालासुद्धा नाही, आणि आपण दहा टनांची ट्रॉली बिनब्रेकची हाकतो.

शेतीच्या ट्रॅक्टरबद्दल तिकडचे सुरक्षेचे ठोकताळे असे, की ब्रेक नसलेली ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या दीडपट वजनापेक्षा जास्त नसावी आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत असावा. सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरला सव्वातीन-साडेतीन टन. हा नियम आपण उद्यापासून पाळू असे मी म्हणणार नाही. तसे केले तर एका फडाचा ऊस उन्हाळा संपला तरी कारखान्यावर पोचणार नाही. पण आपण त्या मर्यादेच्या किती पुढे निघून गेलो आहोत, हे तरी माहीत असावे. काळोखात चालताना विहीर कुठे आहे एवढे माहीत असलेले बरे.

पैशाची बाजू मी विसरलेलो नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. कारखान्याच्या आवारात नंबर लागायला तासन्‌तास जातात, तेव्हा दिवसाच्या खेपा ठरलेल्या. दुसरी ट्रॉली जोडली तर डिझेल दुप्पट लागत नाही, चालकाचा पगार दुप्पट होत नाही, बँकेचा हप्ता तर एक ट्रॉली असो की दोन, तेवढाच. म्हणजे पहिली ट्रॉली खर्च भागवते आणि दुसरी घरी पैसा आणते. तोडणी मजुरांना दिलेली उचलही त्यातूनच फेडून घ्यायची असते. जो माणूस हे न बोलता नुसता "भार कमी भरा" असा उपदेश करतो, त्याचे कोणी ऐकत नाही, आणि का ऐकावे?

आमच्या घरी याच गोष्टीवर दोन रात्री वाद झाला. आमच्या वाटेवर ओढ्याचा पूल आहे आणि त्याच्याकडे जाणारा चांगला तीनशे मीटरचा उतार. मुलाचे म्हणणे, "अण्णा, सगळेच दोन ट्रॉल्या उतरवतात. मी एकट्यानं एक नेली तर हप्ता कसा भरायचा?" मी त्याला वरचा हिशेब ट्रॉलीच्या फळीवर खडूने मांडून दाखवला. त्याने तो तपासला, एका ठिकाणी गुणाकार पुन्हा करून बघितला, आणि गप्प बसला. त्याची आई तोवर चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पुलापाशी शाळेची पोरं किती वाजता असतात?" कोणी काही बोलले नाही, कारण ती वेळ आणि पहिल्या खेपेची वेळ एकच होती.

शेवटी मार्ग त्यानेच काढला. दोन्ही ट्रॉल्या उताराच्या डोक्यापर्यंत न्यायच्या. तिथे मोकळे माळरान आहे. मागची सोडायची, चारी चाकांना दगड लावायचे, पुढची खाली पुलापलीकडे नेऊन सपाटीवर उभी करायची, आणि परत येऊन दुसरी न्यायची. खाली पुन्हा जोडायच्या. पाऊण तास जातो. पहिल्या आठवड्यात मागून येणारे हसत होते, कोणी हॉर्न वाजवत होते. आता त्यांतले दोघे माळावर आमच्या शेजारीच ट्रॉली सोडतात. बाकीचे अजून तसेच उतरतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या वाटेवर माळ नसेल, किंवा पाऊण तास परवडत नसेल. ट्रॉलीला ब्रेक बसवून देणारे कारागीर तालुक्याला मिळतात का, याची आम्ही चौकशी चालवली आहे. खरे तर ते ट्रॉली विकतानाच बसलेले हवेत.

काही बारीक गोष्टी राहिल्या, त्याही सांगून टाकतो. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डावे आणि उजवे. शेतात वळण घेताना एकेक वापरायला. रस्त्यावर येताच दोन्ही जोडणारा खटका लावलाच पाहिजे. मागे भार असताना एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर जागीच फिरतो. नांगरट करून सरळ रस्त्याला लागणारे नेमके हेच विसरतात. दुसरे, उतारावर डिझेल वाचवायला गिअर काढून सोडणे. पावशेर डिझेलही वाचत नसेल, आणि वेग एकदा वाढला की पुन्हा गिअर पडत नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते, दुप्पट नव्हे. आणि तिसरे, ट्रॉलीत माणसे. जत्रेला, लग्नाला, भांगलणीला जाताना आपण बायकापोरांना त्याच बिनब्रेकच्या ट्रॉलीत बसवतो. मालाच्या ट्रॉलीत माणसे नेणे कायद्याला मान्य नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऊस घसरला तर पुन्हा भरता येतो, एवढे ध्यानात घेऊन ज्याचे त्याने ठरवावे.

गेल्या हंगामात आम्ही दोन्ही ट्रॉल्यांच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला. दोन-तीन वेगवेगळ्या फडांचा ऊस भरून, काट्याच्या पावत्या उंचीशी पडताळून, दहा टनांची खूण कुठे येते ते पाहिले आणि तिथे रेघ मारली. आडसाली उसाची रेघ वेगळी, खोडव्याची चार बोटे वर. मोळ्या चढवणाऱ्या बायकांना आता काही सांगावे लागत नाही. रेघ झाकली की त्या स्वतःच "भरली" म्हणून ओरडतात. यंदा फड पेटायच्या आत, म्हणजे तोड सुरू होण्याआधी, ती रेघ पुन्हा ओढून घ्यायची आहे; उसाच्या पात्यांनी घासून ती निम्मी पुसली गेली आहे.